समोरून येणारा आवाज

चैत्रातल्या सकाळचा उजेड दुसरबीडला मेहकरच्या बाजूने येई, आणि त्याला कसलीही घाई नसे. आधी तो सडकेपलीकडच्या निंबाच्या शेंड्यावर बसे. कोवळी तांबूस पालवी क्षणभर पेटल्यासारखी दिसे आणि पुन्हा नुसती पालवी होई. मग तो खाली उतरे, समोरच्या हॉटेलच्या भट्टीतून निघणाऱ्या धुरात थोडा अडके, निळसर होई आणि सडक ओलांडून आमच्या गॅरेजच्या टिनांवर येऊन पडे. टिनांना खिळ्यांची जुनी भोके होती. त्यांतून उजेडाच्या बारीक काड्या आत उतरत आणि तेल पिऊन काळ्या झालेल्या जमिनीवर फिकट चकत्या उमटत. त्या हळूहळू सरकत : पाण्याच्या ड्रमावरून भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे, पान्यांवरून जीपच्या बॉनेटकडे. मोठ्या पान्यापासून लहान पान्यापर्यंत एकेक पाना उजळताना आणि विझताना मी रोज पाहत असे. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. तेवढा वेळ कोणाशी बोलावे लागत नसे, एवढाच त्याचा उपयोग. आणि बोलणे मला कधी फारसे जमले नाही.

त्या दिवशीही उजेड तसाच आला. माझ्या थोरल्या भावाचे, इंद्रभानचे, आज लग्न आहे, हे त्याच्या गावीही नव्हते.

गॅरेज भगवंतरावांचे होते. मी त्यांना काका म्हणे. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे काम शिकायला आलो, तेव्हा पहिल्याच दुपारी त्यांनी ज्या मगातून स्वतः पाणी प्यायले तोच मग ड्रमात बुडवून माझ्यापुढे धरला. आमच्या वस्तीतल्या माणसासाठी असे कोणी केलेले मी तोवर पाहिले नव्हते. काकांना त्यात विशेष काही वाटले नसावे; ते लगेच इंजिनात डोके घालून बसले. मी मात्र त्या एका मगावर पुढची सगळी वर्षे उभी केली.

दुसरबीडजवळच्या आमच्या गावाला दगडी वेस आहे. वस्तीतला नवरदेव लग्नाला निघाला की वेशीपर्यंत गाडीत बसून येई, तिथे उतरे, पायी वेस ओलांडी आणि पलीकडे पुन्हा बसे. हे कुठे लिहिलेले नव्हते. आम्ही बुद्धाला शरण गेलो, देव्हारे रिकामे केले, मेलेली जनावरे ओढायचे सोडले. पण वेशीत उतरण्याची सवय पायांतून गेली नव्हती. इंद्रभान धामणगाव बढे येथे शाळामास्तर होता. लग्न ठरले त्या दिवशीच त्याने घरात सांगून टाकले, "मी उतरत नाही. जीपमधी बसून वेस पार करीन. आन जीप निवृत्ती चालवन."

काकांनी जीप देण्याचे कबूल केले होते. लष्कराच्या लिलावातून घेतलेली ती जीप त्यांचा जीव होती. तरी ते एका शब्दात हो म्हणाले होते. मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अर्जुनराव गॅरेजात आले. आमच्या गावच्या वेशीलगतची बरीचशी जमीन त्यांची. त्यांची ऑइल इंजिने आणि त्यांच्या नातेवाइकांच्या मोटारी काकांकडेच दुरुस्तीला येत. मला पाहून ते हसले आणि काकांना घेऊन मागच्या शेडमध्ये गेले. ते काय बोलले ते मी ऐकले नाही. ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही.

आणि आता सकाळी काका जीप सडकेवर फिरवून आणीत होते. जिल्हा परिषदेने सडकेवर खडी टाकली होती, रोलर मात्र अजून आला नव्हता. त्या खडीवरून जीप येताना समोरच्या बाजूने आवाज येत होता. खट. खट. चाक उसळले की एक, खाली बसले की एक.

"आयकलं?" काका खाली उतरत म्हणाले.

"हाव."

"असी गाडी लग्नाले देता येत नाही, निवृत्ती. रस्त्यात काही झालं तं नवरदेवाचं काय?"

"काल नव्हता आवाज."

"आवाज काय इचारून येते का बे? किंगपिन गेली असन. सामान जालन्याहून आणा लागते. आज कुठलं?"

एरवी मी मान हलवून बाजूला झालो असतो. मान हलवण्यात माझे अर्धे आयुष्य गेले होते. पण त्या सकाळी मान हलली नाही.

"मी शोधतो," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिले नाही. खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत राहिले. हात कोरडे झाले तरी पुसत राहिले. "पाह्य," ते शेवटी म्हणाले. "भेटला तं ने." आणि सडक ओलांडून हॉटेलातल्या बाकावर गॅरेजकडे पाठ करून बसले.

मोटारीच्या पुढच्या भागातून येणाऱ्या आवाजांना स्वभाव असतात. कुरकुर करणारा आवाज ग्रीस मागत असतो. त्याची तक्रार जुनी आणि साधी असते. पत्र्याचा आवाज उथळ असतो, तो स्वतःलाच ऐकवत बसतो. पण लोखंडावर लोखंड आपटल्याचा ठोका बोथट असतो, आणि तो ऐकू एका ठिकाणी येतो व असतो दुसऱ्या ठिकाणी. काकांनीच मला हे शिकवले होते. "लोखंडातून आवाज पळते बे," ते म्हणत. "कानाच्या मांगं नको धावू. हातानं धर त्याले."

मी उजवे चाक जॅकवर उचलले. वरून आणि खालून धरून हलवले. किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते ती, सैल असती तर चाक तिथे डुगडुगले असते. डुगडुगले नाही. काकांनी नाव घेतलेला दोष गाडीत नव्हता. डावीउजवीकडे हलवले, स्टिअरिंगचे सांधे घट्ट होते. स्प्रिंगच्या पाट्यांना धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर पाना लावून सगळा जोर टाकला. एकही नट सरकला नाही. पाट्यांच्या टोकांना गेल्या बाजाराच्या दिवशी मीच ग्रीस भरले होते, ते तसेच ओलसर होते.

तेवढ्यात इंद्रभान सायकलवरून आला. अंगावर नवा पांढरा सदरा, हातापायांना हळद. त्याने एकदा जीपकडे पाहिले, एकदा हॉटेलातल्या त्या पाठीकडे.

"काय झालं?"

"समोरून आवाज येऊन राह्यला."

"आजच?"

"बंपरवर उभा राह्य," मी म्हणालो, "आन वर-खाली हो."

"नवरदेवाले नाचवतं का बे?"

"नाचू नको. नुसतं दाब. नाचनं जमत नाही तुले."

तो हसत बंपरवर चढला आणि धोतर सावरून गाडी दाबू लागला. हॉटेलातली दोनचार माणसे ते पाहायला बाहेर आली. कोणीतरी म्हणाले, "मास्तर, वरात येथूनच निघाली काय?" इंद्रभान दाबत राहिला. मी जीपखाली शिरलो आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेलो. खट. हाताला काही नाही. खट. इथेही नाही. हात शॉकअपवर आला. खड्ड्यात उसळलेल्या चाकाची उसळी जिरवणारे ते नळकांडे. त्याच्या खालच्या टोकाला लोखंडी डोळा असतो, तो एका खुंटीवर बसतो, आणि दोहोंच्या मध्ये रबर असते. खट. ठोका थेट तळहाताच्या हाडात आला.

रबर नव्हते.

झिजलेले नव्हते, फाटलेले नव्हते. तसे असते तर भुगा राहिला असता, एखादी चिंधी चिकटलेली दिसली असती. खुंटी स्वच्छ पुसलेली होती. गेल्या थंडीत ते रबर मीच नवे बसवले होते. आता रिकाम्या खुंटीवर लोखंडी डोळा मोकळा आपटत होता. त्याने चाक निघणार नव्हते, गाडी उलटणार नव्हती, कोणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. नुसता आवाज येणार होता.

डोळा खुंटीवरून सरकू नये म्हणून बाहेरून वॉशर आणि त्यापुढे कॉटर पिन असते. दोन पायांची ती बारीक पिन खुंटीच्या भोकातून घालायची आणि पाय फाकवायचे. जगातले सगळे मिस्त्री ते पाय जसेतसे वाकवून मोकळे होतात. काका तसे करीत नसत. ते दोन्ही पाय खुंटीभोवती बाळीसारखे वळवून टोके आत दाबत, म्हणजे पुढच्या वेळी तिथे हात घालणाऱ्याचा हात फाटू नये. मलाही त्यांनी तसेच शिकवले. फक्त काका डावखुरे आहेत, म्हणून त्यांची बाळी डावीकडून वळते आणि माझी उजवीकडून.

माझ्या समोरची पिन नवी होती. तिला अजून धूळ लागली नव्हती. तिचे पाय बाळीसारखे वळलेले होते, डावीकडून.

किती वेळ मी ती पाहत होतो कोण जाणे. वरून इंद्रभान म्हणाला, "झोपला का बे? पाय दुखून राह्यले माहे."

"भेटलं," मी म्हणालो. "रबर पडलं."

तो वाकून खाली डोकावला. मास्तर होता, पण लहानपणापासून मोटारींच्या गोष्टी माझ्याकडून ऐकत आलेला. "पिन जाग्यावर हाये," तो म्हणाला. "मंग रबर पडते का तसं?"

"पडते."

"कसं पडते?"

"पडते म्हनलं ना."

इतक्या ठामपणे मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. माझ्या मनात कारणांची रांग लागली होती : काकांनी सकाळी अंधुक उजेडात तपासणी केली असेल, रबर सरकलेले पाहून काढले असेल, नवे घालायचे राहून गेले असेल. जो माणूस वॉशर मोजल्याशिवाय पेटी बंद करीत नाही, त्याचे असे राहून जाते, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो आणि सांगताना पक्कड पिनेवर आवळत होतो.

नवी रबरे लोखंडी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला. ती मागायला सडक ओलांडावी लागली असती, त्या पाठीसमोर जाऊन तिचा चेहरा पाहावा लागला असता. मी सडक ओलांडली नाही. पायातली चप्पल काढली. साखरखेर्ड्याच्या बाजारात घेतलेली ती टायरची चप्पल होती. टाच चांगली जाड. ती पाण्यात भिजवली, कारण ओले रबर सुरीला चिकटत नाही, आणि तिच्यातून दोन कड्या कापल्या. तापवलेल्या सळईने भोके पाडली. जळक्या रबराचा वास सडकेपलीकडे हॉटेलापर्यंत गेला असणार. ती पाठ हलली नाही.

एक कडी आतून, एक बाहेरून, मध्ये डोळा, त्यावर वॉशर. मग पेटीतली दुसरी पिन. मी तिचे पाय सावकाश वळवले, बाळीसारखे, टोके आत. काढलेली पिन खिशात टाकली.

खडीवरून जीप दोनदा नेऊन आणली. चाक उसळले, बसले. पुन्हा उसळले. आवाज नव्हता.

काका हॉटेलाच्या पायरीवर येऊन उभे होते. "भेटला?"

"भेटला."

"काय होतं?"

"रबर पडलं होतं."

त्यांची नजर माझ्या अनवाणी पायांवर गेली आणि तिथेच राहिली. "हळू ने," ते म्हणाले. "वेशीतला रस्ता खराब हाये."

गावात जीप आली तेव्हा वस्तीतली पोरे तिच्यामागे धावली. आमचे वडील, गुलाबराव, जीपभोवती फिरले, बॉनेटला हात लावला आणि इंद्रभानला बाजूला घेतले. पण त्यांना हळू बोलता येत नाही, म्हणून सगळ्यांनीच ऐकले. "उतर जा बापा वेशीत. एक घडी उतरल्यानं काय होते? आम्ही उतरलो, मेलो का?"

आई, तानाबाई, तोवर मागच्या बाकावर चढून लुगड्याचा पदर मांडीखाली घेऊन बसली होती. "मी बी नाही उतरत," ती म्हणाली. "माह्या लग्नात मी उतरली, माही सासू बी उतरली. आता गुडघे दुखतेत माहे. चला, बसा."

वडीलही बसले.

वेशीत अर्जुनराव उभे होते. मागे सावलीत आठदहा माणसे. कोणाच्या हातात काही नव्हते. कोणी रागावलेलेही दिसत नव्हते. ते नुसते तिथे उभे होते, जसे वर्षानुवर्षे उभे होते. मी पहिल्या गिअरात पुढे गेलो आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबलो. अर्जुनरावांनी पुढे होऊन तळहात बॉनेटवर ठेवला. बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"काऊन रे निवृत्ती," ते मायेने म्हणाले, "समोरून आवाज येऊन राह्यला होता ना गाडीत? आम्हाले तं वाटलं, येतच नाही आज तुमची जीप."

आवाज त्याच पहाटेचा होता. दुसरबीडहून आमच्या गावात त्या सकाळी इंद्रभान आणि मी यांच्याशिवाय कोणी आले नव्हते, आणि आम्ही आवाजाविषयी घरीही बोललो नव्हतो. इंद्रभानने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

"होता," मी म्हणालो. "काढला."

"चाक निघन ना बे रस्त्यात."

"नाही निघत."

"मंग आसं करा. वेशीपुरते उतरून घ्या सगळे. गाडी बी हलकी होईन, रीत बी राह्यन."

इंद्रभान सरळ समोर पाहत म्हणाला, "अर्जुनराव, मास्तर हाव मी. पोरायले रोज सांगतो, जाग्यावर बसा. आज मी जाग्यावर बसलो."

मागे कोणीतरी हसले आणि लगेच खोकले. अर्जुनरावांचा हात बॉनेटवरच राहिला. बोलण्याची पाळी आता माझी होती आणि सगळा गाव माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला ओरडता येत नाही. लहानपणी विहिरीत पडलो तेव्हाही मी ओरडलो नव्हतो. आईने दोर हलताना पाहिला म्हणून वाचलो. मी हॉर्नवर हात ठेवला आणि दाबला. दाबूनच ठेवला. वेशीच्या दगडी पोटात तो आवाज भरला, कमानीला धडकून परत आला, पारव्यांचा थवा बुरुजावरून उठला, एक कुत्रे पळाले. मी हात काढला नाही. माझ्या आयुष्यात मी न बोललेले जे काही होते ते सगळे त्या एका सुरात वाजत राहिले, आणि मला लाज वाटली नाही.

अर्जुनरावांचे ओठ हलत होते. त्यांचे शब्द त्यांनाही ऐकू येत नसावेत. बॉनेटच्या पत्र्यातून थरथर त्यांच्या हातात जात असणार. दुसऱ्या हाताने मी गिअर टाकला आणि क्लच सोडू लागलो. जीप बोटभर सरकली. आणखी बोटभर. हात बॉनेटवरून निघाला. माणूस बाजूला झाला, आणि त्याच्यामागची माणसे त्याच्याआधीच बाजूला झाली होती.

वेशीच्या तोंडाशी एक मोठा दगड आहे, बैलगाड्यांनी मध्ये झिजवलेला. मी हॉर्न सोडला. उजवे चाक दगडावर चढले आणि पलीकडच्या खड्ड्यात आपटले. सगळे ऐकत होते. अर्जुनराव, सावलीतली माणसे, इंद्रभान, मी. काहीच वाजले नाही. माझ्या चपलेची टाच तिथे दबली, उसळली आणि गप्प राहिली. मागच्या बाकावर आई म्हणाली, "झालं? येवढीच होती का वेस?"

साखरखेर्ड्याच्या पलीकडे नवरीच्या गावी लग्न लागले. वंदना झाली, फुले वाहिली, लोक जेवले. मी अनवाणीच वावरलो. कोणी विचारले तर जीप चालवताना पाय मोकळे लागतात, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप दुसरबीडला परत नेली. उजेड निंबावरून उतरून टिनांवर आला होता. काका जीपच्या उजव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि आत हात घातला. त्यांचे बोट पिनेवरून फिरले. कुठे अडकले नाही.

"चपलेचं रबर?"

"हाव."

"टिकन."

"टिकन."

"पिन चांगली वळवली."

"तुमच्यासारखी," मी म्हणालो. "फक्त उजवीकडून."

ते उठले, ड्रमाकडे गेले, तोच मग बुडवून भरला, स्वतः एक घोट घेतला आणि उरलेला माझ्यापुढे धरला. पाणी काठावरून सांडून तेलकट जमिनीवर पडत होते. लांबून चालवत आलो होतो, घसा कोरडा होता.

"तहान नाही," मी म्हणालो.

काकांनी तो मग खाली घेतला नाही. मी खिशातली ती पिन काढली आणि जीपच्या बॉनेटवर ठेवली. खिळ्याच्या भोकातून आलेली उजेडाची एक चकती सरकत सरकत तिच्यावर आली, आणि तिच्या पायांत उरलेले डावीकडचे वळण स्वच्छ दिसले.

रबर पडले नव्हते. ते काकांनी काढले होते.